दूरच्या देवळातील शिळा
(देवस्थानच्या वर्धापनदिनी सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

उपस्थित महाजन, कुळावी आणि भाविक स्त्रीपुरुषांपुढे आज जो विषय मांडावयाचा आहे, तो प्रथमदर्शनी देवळाबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. जगातील दूरदूरची प्राचीन स्थळे आयुष्यभर हिंडून पाहणारा जो यात्रिक, तो तेथे जाऊन नेमके काय पाहतो, हा तो विषय. परंतु थोडे पुढे गेल्यावर ही वाट पुन्हा देवळाच्याच पायरीशी येऊन भिडते, असे श्रोत्यांच्या ध्यानात येईल.

पूर्वी तीर्थावळी असे. काशी, रामेश्वर, द्वारका, जगन्नाथपुरी ही नावे मुखोद्गत असत आणि त्यांतील किती घडली यावरून माणसाच्या आयुष्याचे सार्थक मोजले जाई. अलीकडच्या काळात आणखी एक तीर्थावळी तयार झाली आहे. १९७२ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा करार केला आणि पुढे त्याची यादी वाढत गेली. १९८३ साली भारतातील पहिली चार स्थळे तीत आली : अजिंठा, वेरूळ, आग्र्याचा किल्ला आणि ताजमहाल. १९८६ साली गोव्यातील चर्चे व मठ आले. २०२५ साली शिवछत्रपतींच्या परंपरेतील बारा किल्ले आले, त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतील जिंजी. यादी असणे वाईट नव्हे. तिच्यामुळे कित्येक वास्तूंना छप्पर मिळाले, पहारा मिळाला. पण यादी हाती आली की यात्रिकाला मोजण्याचा छंद जडतो. किती स्थळे झाली, किती उरली! जो असे मोजीत जातो, तो फाटकावरील फलक वाचून परत येतो. फलकावर लिहिलेले खरे की खोटे, हे तपासून पाहण्याची त्याला आवश्यकता वाटत नाही.

गोव्याच्या भूमीतून निघालेला सर्वांत मोठा यात्रिक या जातीचा नव्हता. १८७६ साली साखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद कोसंबी १८९९ साली घर सोडून निघाले, ते एकच प्रश्न बरोबर घेऊन : बुद्धाने सांगितले तरी काय? पुणे, ग्वाल्हेर, काशी असे करीत ते नेपाळला पोहोचले. तेथे धर्म जिवंत असेल अशी आशा होती. ती फोल ठरल्यावर ते बुद्धगयेस उतरले, आणि तेथून सिंहलद्वीपाला जाऊन १९०२ साली त्यांनी प्रव्रज्या घेतली. बुद्धगयेचे महाबोधी मंदिर जागतिक वारशाच्या यादीत आले २००२ साली. साखवाळचा गोंयकार तेथे जाऊन आला, त्याला तेव्हा शंभर वर्षे लोटली होती.

आजच्या व्याख्यानासाठी मुद्दाम अशा एका जिल्ह्याची निवड केली आहे, ज्यातील एकही स्थळ त्या जागतिक यादीत नाही. तो जिल्हा म्हणजे आदिलाबाद. तेलंगणाच्या अगदी उत्तर टोकाला, पैनगंगेच्या दक्षिणेस, कापसाच्या काळ्या जमिनीचा आणि सागवानी डोंगरांचा हा प्रदेश. मुदखेडहून निघालेला लोहमार्ग किनवटवरून आदिलाबादला जातो. माहूरच्या रेणुकामातेच्या व दत्तात्रेयाच्या दर्शनाला गेलेल्या मंडळींना तो अगदीच परका वाटू नये. जुन्या पिढीतील मराठी माणसे या गावाला एदलाबाद म्हणत. विजापूरच्या आदिलशाहावरून हे नाव पडले असे सांगतात. १५१० साली ज्या आदिलशाहीकडून पोर्तुगीजांनी गोवे घेतले, तीच ही. १९५६ पर्यंत किनवट व राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्यात मोडत. भाषावार प्रांतरचनेत ते मराठी मुलखाकडे आले, परंतु मराठी बोलणारी घरे पैनगंगेच्या पलीकडेही मोठ्या संख्येने राहिली. २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमरम भीम आसिफाबाद. पुढील विवेचनात जुना जिल्हाच डोळ्यांपुढे ठेवला आहे.

आदिलाबाद शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर जैनथ नावाचे गाव आहे. गावात लक्ष्मीनारायणाचे प्राचीन पाषाणी देवालय आहे. कार्तिक शुद्ध अष्टमीपासून वद्य सप्तमीपर्यंत येथे ब्रह्मोत्सव चालतो आणि पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील भाविक त्याला येतात. वर्षातील ठराविक दिवसांत सूर्याचे किरण थेट मूर्तीच्या चरणांवर पडतात, असे ग्रामस्थ मोठ्या अभिमानाने सांगतात.

या देवालयाविषयी माहितीपत्रकांतून आणि प्रवासी पुस्तकांतून वर्षानुवर्षे तीन वाक्ये छापली जात आहेत. देऊळ जैन पद्धतीचे आहे, येथे वीस श्लोकांचा प्राकृत शिलालेख आहे, आणि त्यावरून हे देऊळ एका पल्लव सरदाराने बांधले असे कळते. वाचणाऱ्याला वाटते, प्रश्न मिटला. गावाच्या नावात ‘जैन’ आहे, तेव्हा देऊळ जैन पद्धतीचे असणार, आणि शिलालेखाचा आधार दिला आहे म्हणजे बाकीचेही खरे असणार. एकाचे पाहून दुसऱ्याने छापले, दुसऱ्याचे पाहून तिसऱ्याने.

प्रत्यक्ष शिळा मात्र काही निराळेच बोलते. तो लेख संस्कृतात आहे. शिलालेखतज्ज्ञांनी तो वाचून केव्हाच प्रसिद्ध केला आहे आणि अभ्यासकांच्या जगात तो ‘जैनडचा लेख’ म्हणून परिचित आहे. त्यात पल्लव कोठेच नाहीत. कांचीच्या पल्लवांचे राज्य नवव्या शतकाच्या अखेरीस संपले होते, आणि हा लेख इ. स. ११०० च्या आगेमागेचा. त्यात स्तुती आहे ती माळव्याच्या परमार कुळातील जगद्देव राजपुत्राची. उदयादित्य हा त्याचा पिता आणि सुप्रसिद्ध धारानरेश भोज हा त्याचा चुलता. आंध्राच्या अधिपतीपासून दोरसमुद्रापर्यंत आणि अबूच्या पहाडापर्यंत त्याने गाजविलेल्या पराक्रमांचे वर्णन लेखात येते. आणि देऊळ कोणी बांधले? जगद्देवाच्या पदरी लोलार्क नावाचा एक अधिकारी होता. त्याची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे, मंदिर उभारले, असे तो लेख सांगतो.

एक स्त्री! जिने देऊळ बांधले, तिचे नाव दगडात कोरलेले आहे, लेख छापून प्रसिद्ध झालेला आहे, आणि तरीही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितले जाते ते एका सरदाराचे, तेही ज्याचा या देवळाशी काडीचा संबंध नाही अशा राजकुळातील. देवळाला गाभारा, शिखर, सभामंडप असतो तसा एक कर्ताही असतो. त्याचे नाव पुसले गेले, तर देवळाची एक भिंतच पडल्यासारखे होते. येथे ती भिंत कोणा परकीय आक्रमकाने पाडलेली नाही. न वाचता लिहिणाऱ्यांनी ती पाडली आहे.

जगद्देवाची हकीकत येथेच संपत नाही. पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात डोंगरगाव येथे त्याच्या काळचा आणखी एक शिलालेख मिळाला, शके १०३४ म्हणजे इ. स. १११२ चा. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो संपादून प्रसिद्ध केला. त्यातून असे कळते की, पित्याच्या मागे राज्यलक्ष्मी जगद्देवाकडे चालून आली असताही थोरल्या भावाला डावलून पुढे जाण्याचा दोष लागू नये म्हणून त्याने ती नाकारली आणि तो दक्षिणेस कुंतलेश्वराकडे आला. कुंतलेश्वराने त्याला आपल्या पुत्रांत अग्रमान दिला आणि आपला उजवा हात मानले. राज्य सोडून आलेला हा राजपुत्र पुढे भाटांच्या कथांत जगदेव परमार म्हणून अमर झाला. पण कथांतील जगदेव आणि शिळेवरील जगद्देव यांची गाठ घालून देणाऱ्या शिळा आहेत त्या माळव्यापासून दूर, पैनगंगेच्या खोऱ्यातील दोन खेड्यांत.

हा कुंतलेश्वर म्हणजे कल्याणीचा चालुक्य सम्राट विक्रमादित्य सहावा. १०७६ ते ११२६ हा त्याचा राज्यकाल. त्याची कन्या मैलळदेवी गोव्याच्या कदंब कुळातील दुसऱ्या जयकेशीला दिली होती. एकाच सम्राटाचा मानलेला पुत्र पैनगंगेकाठी सत्ता सांभाळीत होता आणि जावई पश्चिम समुद्रकाठी गोव्यात. गोपकपट्टणात गलबते लागत होती त्याच पिढीत जैनथला पद्मावतीचे मंदिर उभे राहत होते. आदिलाबाद आणि गोवे यांचा काय संबंध, असे विचारणाऱ्याला हे एवढे उत्तर पुरे व्हावे.

मिराशींचे नाव आले म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. १८९३ साली कोकणातील कुवळे या गावी त्यांचा जन्म झाला, आयुष्याचा मोठा भाग नागपुरात गेला आणि १९८५ साली ते निवर्तले. कलचुरी, वाकाटक आणि शिलाहार या तीन राजवंशांच्या लेखांचे अखिल भारतीय संग्रह त्यांनी अनुक्रमे १९५५, १९६३ आणि १९७७ साली सिद्ध केले. शेवटचा ग्रंथ बाहेर पडला तेव्हा वय चौऱ्याऐंशीच्या घरात होते. संस्कृताचे अध्यापन हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनी खेड्यापाड्यांतील दगडांची अक्षरे वाचण्यात जन्म घालविला. यात्रा म्हणावी तर ही!

शिलालेख वाचतात कसा, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शिळा पाण्याने आणि मऊ कुंचल्याने स्वच्छ करतात. तीवर ओला कागद अंथरून केसाळ ब्रशाने हलकेच ठोकतात, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचांत बसतो. मग कापडी बोळ्याने वरून शाई फिरवतात. सपाट भाग काळा होतो आणि कोरलेली अक्षरे पांढरी राहतात. हा ठसा सुकला की काढून घ्यायचा. पुढचे काम घरी बसून महिनोन्‌महिने चालते. खर्च म्हणाल तर कागदाचा आणि शाईचा. शिळेला ओरखडाही उठत नाही. उलट ज्या शिळेवर पिढ्यान्‌पिढ्या तेल व शेंदूर चढला, ऑइलपेंटचे हात बसले किंवा सिमेंटचा गिलावा लागला, ती पुढे वाचू म्हटली तरी वाचता येत नाही.

येथे महाजन मंडळींनी क्षणभर स्वतःच्या देवस्थानांकडे वळावे. सोळाव्या शतकात मूळ स्थाने सोडून देवांना नदीपार न्यावे लागले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. मूर्ती आल्या, लिंगे आली, पण मूळ देवळांच्या भिंती व शिळा येऊ शकल्या नाहीत. म्हणून गोव्यात जे थोडे लेख जागच्या जागी राहिले, त्यांचे मोल फार. बांदिवड्याच्या श्रीनागेशाच्या आवारातील शके १३३५ चा, म्हणजे इ. स. १४१३ चा, शिलालेख त्यांपैकी एक. मायी शेणवी वागळे यांनी नागेश आणि महालक्ष्मी या देवतांना दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. पोर्तुगीज येण्यापूर्वी शंभर वर्षे ही देवस्थाने नांदती होती, त्यांना दाते होते, व्यवस्था होती, याचा पुरावा कोणाच्या आठवणीवर किंवा अभिमानावर अवलंबून राहिला नाही, तो दगडाने धरून ठेवला. तेथे ती शिळा पायरीला लावली असती किंवा फरशी गुळगुळीत करणाऱ्या यंत्राखाली गेली असती, तर आज वादात काय दाखविता आले असते? जीर्णोद्धाराच्या वर्गणीत संगमरवराला, नव्या कळसाला, दीपमाळेच्या रंगाला रक्कम मिळते. जुन्या शिळेचा ठसा घेण्यासाठी कागद-शाईची तरतूद कितीजणांच्या अंदाजपत्रकात असते, हे ज्याचे त्याने पाहावे.

असो. पुन्हा आदिलाबादकडे.

हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याने १९१४ साली पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि गुलाम याझदानी यांना त्याचे प्रमुख नेमले. अजिंठा-वेरूळ याच खात्याच्या ताब्यात. अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून कारागीर आणविले गेले, याझदानींचे मोठमोठे सचित्र खंड १९३० पासून पुढे निघत राहिले, आणि जगाने अजिंठा पाहिला. त्याच राज्याच्या दुसऱ्या कोपऱ्यातील जैनथच्या वाट्याला अभ्यासकांच्या अहवालांतील काही पाने आली. यात कोणाचा अन्याय म्हणता येणार नाही, कारण अजिंठा तो अजिंठा. पण प्रसिद्धी आणि महत्त्व या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढे यावरून उमजावे. तेलंगणातील पहिले जागतिक वारसास्थळ म्हणून २०२१ साली पालमपेटचे रामप्पा मंदिर घोषित झाले. काकतीय गणपतिदेवाचा सेनापती रेचर्ल रुद्र याने १२१३ साली ते उभारले. त्याचे शिखर पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या विटांचे आहे आणि पायाखाली वाळूचा थर दिलेला आहे, म्हणून प्रवासी आता तेथे रांगा लावतात. मंदिर खरोखरच अप्रतिम आहे. मात्र २०२० साली ते तितकेच अप्रतिम होते, आणि रांग नव्हती.

जुन्या आदिलाबादच्या डोंगरात मार्लवाई नावाचे गोंड लोकांचे खेडे आहे. येथे एक वेगळाच यात्रिक येऊन राहिला. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, जन्म १९०९, गाव व्हिएन्ना. मानववंशशास्त्राचा हा अभ्यासक त्याआधी नागा टेकड्यांत राहून आला होता, आणि पुढे अरुणाचलातील आपातानी व नेपाळातील शेर्पा यांच्यांतही राहिला. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा जर्मन पारपत्रामुळे तो शत्रूराष्ट्राचा नागरिक ठरला आणि निजामाच्या राज्याबाहेर त्याला मोकळे फिरता येईना. त्याच सुमारास, १९४० साली, जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचा पुढारी कोमरम भीम सरकारी गोळीबारात पडला होता. ही माणसे का उठली, हे समजून घेण्याचे काम पुढे सरकारने या परदेशी अभ्यासकावर सोपविले. तो आणि त्याची पत्नी बेट्टी मार्लवाईत झोपडी बांधून राहिले. गोंडी शिकले. जमिनी का गेल्या याचे कारण त्याने लिहून काढले, आणि पुढे गोंडांना जमिनीचे पट्टे मिळण्यात त्याच्या अहवालांचा मोठा वाटा होता. १९४३ साली मार्लवाईत शिक्षक घडविण्याचे केंद्र निघाले. तेथे वापरावयाची गोंडी क्रमिक पुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली, कारण शिकलेल्या थोड्याफार गोंडांना मराठीमुळे तीच लिपी परिचित होती. १९८७ साली बेट्टी वारल्या. त्यांना मार्लवाईतच मूठमाती दिली. १९९५ साली हायमेनडॉर्फ यांचे निधन झाले, आणि त्यांचा रक्षाकलश २०१२ साली पत्नीच्या शेजारी विसावला.

मार्लवाईत पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. ना शिखर, ना लेणे. दोन समाध्या आणि एक खेडे. तरीही जो माणूस अर्धे जग हिंडला, त्याला शेवटची जागा येथे मिळाली, यात त्याने केलेल्या प्रवासाची जात कळते. तो मोजायला आला नव्हता, ऐकायला आला होता.

आता केसलापूर. इंद्रवेल्लीजवळच्या या गावी गोंडांच्या मेश्राम कुळाचा नागोबा आहे. पौष अमावास्येला त्याची जत्रा भरते आणि तेलंगणा, महाराष्ट्र, छत्तीसगड येथून हजारो लोक लोटतात. महाजन कुटुंबांना ही जत्रा पाहताना नवल वाटेल, ते तिच्या परकेपणाचे नव्हे, ओळखीचे. देव एका कुळाचा. पूजेचा मान कुळाकडे. कोणी काय करायचे, कोणत्या शाखेने कोठे बसायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. अभिषेकासाठी पाणी हवे ते गोदावरीचे, आणि तेही हस्तिनमडुगू येथल्याच डोहाचे. मेश्राम मंडळी शुभ्र वस्त्रे नेसून अनवाणी निघतात, रानावनांतून कित्येक दिवस पायी चालून पाणी आणतात आणि केसलापुरात वडाच्या झाडांखाली उतरतात. वाटेत पाण्याचे भांडे जमिनीला टेकू देत नाहीत. पूजेची मातीची भांडी सिरिकोंड्याच्या कुंभारांकडूनच यायची. वाहने आली, रस्ते झाले, पण हे चालणे बदलले नाही.

या कुळांच्या देवकथा गाणारे परधान लोक असतात. हातातील किंगरी वाजवीत ते गोंडांना गोंडांच्याच पूर्वजांची कथा गोंडीतून ऐकवतात, आणि त्यांच्या स्वतःच्या घरची बोली मात्र परंपरेने मराठी. लेख नसलेल्या देवाचा शिलालेख म्हणजे हे परधान. जैनथला दगडावर जे कोरले ते केसलापूरला कंठात ठेवले आहे. दगड निदान आठशे-नऊशे वर्षे वाट पाहतो. कंठाला ती सवड नसते. मुलगा किंगरी शिकला नाही, तर एका पिढीत सारे संपते.

मेश्राम कुळाने नागोबाचे नवे पाषाणी देऊळ उभारले आणि २०२२ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. कुळातील घराघरांतून वर्गणी जमवून हे काम झाले. शेती हाच ज्यांचा आधार अशा माणसांनी हे केले, ही गोष्ट जीर्णोद्धाराच्या सभांतून लांबलेल्या चर्चा ऐकलेल्या कोणाही महाजनाला पुरेशी बोलकी वाटेल.

जत्रेला जाऊ इच्छिणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की अमावास्येच्या रात्रीची महापूजा हा कुळाचा विधी आहे, तेथे बाहेरच्याने पुढेपुढे करू नये. छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. दिवसा बाजार असतो, दरबार भरतो. १९४० नंतरच्या दशकात हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने सुरू झालेला हा दरबार अद्याप चालू आहे, आणि त्यात अधिकारी बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. महापूजा आटोपली की त्या रात्री कुळात वर्षभरात आलेल्या नव्या सुना पुढे येतात. पांढरी वस्त्रे, डोक्यावरून चेहरा झाकेल असा पदर, आणि बरोबर घरची वडील स्त्री. एकेकीला देवापुढे नेऊन तिची नागोबाशी भेट घडवितात. वयाने कितीही मोठी असो, लग्नाला कितीही वर्षे झालेली असोत, ही भेट घडेपर्यंत तिला कुळाच्या पूजेत हात लावता येत नाही. भेट झाली की ती मेश्राम झाली. मग ज्येष्ठ स्त्रिया तिला आपल्यात घेऊन वडाकडे जातात.